फीडर टांगण्याआधी घासणी घ्या : हिवाळ्यातल्या पक्ष्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

थंडी पडू लागली की या सदराकडे पक्ष्यांबद्दलची पत्रं वाढतात. बहुतेकांना एकच गोष्ट जाणून घ्यायची असते : खायला काय घालावं? भांडं कसं आणि किती वेळा धुवावं, हे फार कमी जण विचारतात. आमच्या मते दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा आहे, म्हणून खालच्या उत्तरांत तो पुन्हा पुन्हा येईल.

अंगणात पहिल्यांदाच फीडर, म्हणजे पक्ष्यांसाठी दाण्यांचं टांगतं भांडं, लावायचा आहे. तयार मिश्र दाण्यांची पिशवी आणली तर चालेल का?

पिशवी घेण्याआधी आत काय आहे ते नीट बघा. स्वस्त मिश्रणात वजन भरण्यासाठी गहू, फुटका मका आणि लाल ज्वारी यांचाच भरणा असतो. लहान पक्षी हवा तेवढा दाणा वेचतात आणि नको तो चोचीने खाली उडवतात. खाली सांडलेला दाणा दवात भिजतो, त्याला बुरशी येते, रात्री उंदीर येतात आणि आठवड्याभरात कबुतरांचा थवा हक्काने उतरू लागतो. म्हणून दाणे सुटे आणा आणि एका भांड्यात एकच प्रकार ठेवा. कोण काय खातं तेही त्यामुळे लगेच कळतं.

दाणा निवडताना पक्ष्याच्या चोचीकडे बघावं. चिमण्या आणि मुनिया यांची चोच आखूड, जाड आणि शंकूच्या आकाराची असते. त्यांना बाजरी, राळा, वरी असे बारीक दाणे सोलायला सोपे जातात. सूर्यफुलाच्या बिया घ्यायच्या तर काळ्या सालीच्या, तेलासाठी पिकवतात त्या घ्या. त्यांची साल पातळ असते आणि गरात भरपूर तेल असतं. थंडीच्या रात्री शरीर ऊबदार ठेवायला पक्ष्याला हीच चरबी लागते. पट्टेरी, जाड सालीच्या बिया पोपटासारखे मजबूत चोचीचे पक्षीच फोडू शकतात. कारळेही मुनियांना आणि फिंच या दाणे खाणाऱ्या लहान पक्ष्यांना आवडतात, पण ते दमट हवेत गोळा होतात आणि लवकर खवट होतात. एका वेळी थोडेच आणावेत.

सुरुवातीला दिवसाला दोन मुठी पुरे. संध्याकाळी भांड्यात दाणे उरले, तर दुसऱ्या दिवशी कमी घाला. भांडं काठोकाठ भरून चार दिवस विसरून जाणं सगळ्यात वाईट.

दोन आठवडे झाले, एकही पक्षी फिरकला नाही. काय चुकलं असेल?

बहुधा जागा चुकली आहे. पक्षी थेट फीडरवर येत नाही. आधी जवळच्या फांदीवर बसून तो चारी बाजू न्याहाळतो. मोकळ्या गच्चीच्या मधोमध टांगलेल्या फीडरजवळ असा थांबा नसतो. उलट दाट झुडपाला अगदी चिकटून लावला, तर त्यात मांजर दबा धरून बसतं. झुडपापासून साधारण ३ मीटर अंतर ठेवा. धोका दिसताच पक्ष्याला तिथवर पोचता येतं आणि मांजराला मात्र एका उडीत फीडर गाठता येत नाही. उंची किमान दीड मीटर असावी. फीडर वाऱ्याने गरगर फिरत असेल तर तळाशी एक वजन बांधा.

दाणे चावून बघा. कडू किंवा खवट लागले, तर पक्षीही ते खाणार नाहीत. पहिले काही दिवस फीडरखाली चिमूटभर बाजरी टाका, म्हणजे जमिनीवर चरणाऱ्या पक्ष्यांच्या ती नजरेस पडेल. सवय झाली की हे बंद करा. दाणे भरायची खरी वेळ पहाट. थंडीच्या एका रात्रीत लहान पक्ष्याचं सुमारे १० टक्के वजन घटू शकतं, त्यामुळे उजाडताच तो अन्नाच्या शोधात निघतो. दुसरी गर्दी सूर्यास्ताआधी तास-दीड तास होते.

एवढं करूनही कधी कधी महिनाभर कोणी येत नाही. आसपास गवत बियांनी लगडलेलं असेल, तर पक्ष्यांना तुमच्या दाण्यांची गरज नसते. यात काळजीचं काही नाही.

बुलबुल आणि दयाळ दिसतात, पण दाण्यांना तोंड लावत नाहीत.

लावणारही नाहीत. बुलबुल फळं आणि किडे खातो, दयाळ मुख्यतः किड्यांवर जगतो. बुलबुलासाठी पिकलेलं केळ, पपईची फोड किंवा अर्धं सफरचंद फांदीवर खिळ्याला अडकवा आणि संध्याकाळी उरलेलं काढून टाका. रात्रभर राहिलेल्या फळावर मुंग्या, चिलटं आणि वटवाघळं येतात, सकाळपर्यंत ते आंबतंही. दयाळ, शिंपी, वटवट्या आणि धोबी यांच्यासाठी मात्र फीडरचा उपयोग नाही. वाळलेली पानं झाडून जाळू नका, कोपऱ्यात झाडांखाली पसरू द्या. त्या पाचोळ्यात किडे, कोळी आणि अळ्या असतात आणि हे पक्षी तिथे स्वतः वेचून खातात. कीटकनाशक फवारत असाल, तर या पक्ष्यांची वाट बघू नका.

उरलेला भात, ब्रेड, बिस्किटं घातली तर?

ब्रेड आणि बिस्किटांनी पोट भरतं, पण हाती फारसं काही लागत नाही. थंडीत लहान पक्ष्याला दिवस अपुरा पडतो, त्यात निकस खाण्यात वेळ घालवणं त्याला परवडत नाही. मीठ लागलेलं काहीही देऊ नका. एवढ्याशा शरीरातून जास्तीचं मीठ बाहेर टाकणं लहान पक्ष्यांना जमत नाही आणि थोड्या मिठानेही त्यांना विषबाधा होते. दूध पचवण्याची सोयच पक्ष्यांच्या शरीरात नसते. शेंगदाणे द्यायचे तर बिनमिठाचे आणि कोरडे. सुरकुतलेला, काळपट डाग पडलेला किंवा बुरशी आलेला शेंगदाणा फेकून द्या. त्यावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं आणि ते भाजल्याने नाहीसं होत नाही.

कच्चा तांदूळ पोटात फुगून पक्षी मरतो, असं दोघा-तिघांनी लिहिलं आहे. ही समजूत चुकीची आहे. भाताच्या शेतातले पक्षी कच्चा दाणाच खातात. बिनमिठाची तांदळाची कणी बिनधास्त घाला.

प्लास्टिकच्या बाटलीचा फीडर घरी कसा करावा?

एक लिटरची पारदर्शक बाटली आणि दोन लाकडी डाव किंवा लांब दांड्याचे चमचे घ्या. बाटली धुऊन आतून पूर्ण वाळवा, ओल राहिली तर पहिल्याच भरणीला दाणे चिकटतात. तळापासून ६ सेंटिमीटर उंचीवर दांडा जेमतेम जाईल एवढं भोक पाडा. त्याच्या बरोबर समोर, त्याच उंचीवर, त्याहून थोडं मोठं, सुमारे १२ मिलिमीटरचं भोक पाडा. चमचा या मोठ्या भोकातून घालून दांडा समोरच्या लहान भोकातून बाहेर काढा. चमच्याचा खोलगट भाग मोठ्या भोकाच्या अगदी तोंडाशी यायला हवा. दाणे त्या भोकातून झिरपून चमच्यात साठतात आणि चमचा भरला की झिरपणं थांबतं. बाहेर आलेल्या दांड्यावर पक्षी बसतो. दुसरा चमचा आणखी ५ सेंटिमीटर वर, पहिल्याला काटकोनात बसवा.

बिघाड होतो तो इथे : चमचा खाली कलला की दाण्यांची धार लागते आणि तासाभरात बाटली रिकामी होते. तो आडवा, समपातळीत राहायला हवा. दांडा हलत असेल तर भोकाशी तारेचा वेढा द्या. तळाला चार-पाच भोकं पाडा, पण दाणा गळणार नाही इतकी बारीक, साधारण २ मिलिमीटरची. ही भोकं नसली तर आत शिरलेलं दव तळाशी साचतं आणि तिथले दाणे आधी कुजतात. कापलेल्या कडा काचकागदाने घासून बोथट करा. टांगायला तार वापरा. नायलॉनच्या दोऱ्यात आणि मांज्यात पक्ष्यांची बोटं अडकतात. नरसाळ्याने वरच्या चमच्याच्या थोडं वरपर्यंतच भरा. उन्हाने प्लास्टिक पिवळं आणि ठिसूळ झालं, की बाटली बदला. खरं तर ती दर दोन-तीन महिन्यांनी बदललेलीच बरी, कारण आतून ती नीट घासता येत नाही.

परडीत किंवा ताटात दाणे ठेवलेले बरे की टांगता फीडर?

टांगता. सपाट ताटात पक्षी दाण्यांवरच उभे राहतात आणि तिथेच विष्ठा टाकतात. ताट वापरायचंच असेल, तर ३० सेंटिमीटर चौरस लाकडी चौकटीला बारीक तारजाळी ठोका, म्हणजे पाणी निथळेल आणि खालून हवा खेळेल. त्यात एका वेळी दाण्यांचा एकच थर असावा.

भांडं किती दिवसांनी धुवावं? आमच्याकडे एक चिमणी पिसं फुलवून तासन् तास बसलेली असते.

हे पत्र सगळ्यांनी वाचावं म्हणून आम्ही जसंच्या तसं घेतलं आहे.

थंडीत निरोगी पक्षीही पिसं फुलवतो. पिसांमधली हवा त्याला ऊब देते. पण जवळ गेलं तरी उडत नाही, डोळे अर्धवट मिटलेले आहेत, चोचीभोवतीची पिसं ओली आहेत, घास गिळताना मान ताणली जाते किंवा तोंडातला दाणा परत बाहेर येतो, अशी लक्षणं असली तर ती चिमणी आजारी आहे. फीडरवर पसरणाऱ्या आजारांत साल्मोनेला (याच नावाच्या जिवाणूंमुळे होणारा पोटाचा आजार), पक्ष्यांची देवी आणि ट्रायकोमोनोसिस हे मुख्य. ट्रायकोमोनोसिसचा परजीवी घशात वाढतो आणि लाळेतून भांड्यात उतरतो. ब्रिटनमध्ये २००५ पासून हा आजार फिंच पक्ष्यांमध्ये पसरला आणि तिथल्या ग्रीनफिंचची संख्या निम्म्याहून जास्त घटली. जंगलात विखरून चरणारे पक्षी एका फीडरवर चोचीला चोच लावून खातात, म्हणून गलिच्छ फीडर हा त्यांच्यासाठी खरोखर सापळा ठरतो.

आजारी पक्षी दिसताच सगळे फीडर आणि पाण्याची भांडी लगेच उतरवा आणि किमान दोन आठवडे लावू नका. पक्षी उपाशी मरतील ही भीती नको. ते पांगतील आणि त्यातच त्यांचं भलं आहे. शेजाऱ्यांनाही हे सांगा, नाहीतर आजारी पक्षी त्यांच्या फीडरवर जाईल.

एरवी दर दोन आठवड्यांनी, आणि दमट हवेत किंवा गर्दी असेल तर दर आठवड्याला, असं धुवा : उरलेले दाणे टाकून द्या. साबणाचं गरम पाणी आणि ब्रश घेऊन विष्ठेचा प्रत्येक डाग काढा, कारण मळाच्या थराखाली जंतुनाशक पोचत नाही. मग १ भाग घरगुती ब्लीच आणि ९ भाग पाणी यांत १० मिनिटं बुडवून ठेवा. वास जाईपर्यंत साध्या पाण्याने खळबळा आणि उन्हात पूर्ण कोरडं होऊ द्या. वाळवणं टाळू नका, ट्रायकोमोनोसिसचा परजीवी कोरडेपणात तग धरत नाही. ब्लीचमध्ये दुसरं कोणतंही क्लीनर किंवा व्हिनेगर मिसळू नका, विषारी वायू तयार होतो. हातमोजे घाला, हे काम स्वयंपाकाच्या बेसिनमध्ये करू नका आणि ब्रश वेगळा ठेवा. साल्मोनेला माणसांनाही होतो. अमेरिकेत २०२१ मध्ये फीडरवरच्या पक्ष्यांमधून लोकांना त्याची लागण झाल्याचं आढळलं होतं.

फीडरखालची जमीनही स्वच्छ ठेवा. सालं, विष्ठा आणि सांडलेले दाणे आठवड्याला गोळा करा आणि महिन्याने फीडरची जागाच दोन-तीन मीटर सरकवा. सूर्यफुलाच्या सालींमधल्या द्रव्यांमुळे खालचं गवतही जळतं. लाकडी फीडर सच्छिद्र असतो, तो कधीच पूर्ण स्वच्छ होत नाही. नवा घेणार असाल तर सुटे भाग होणारा, धातूचा किंवा जाड प्लास्टिकचा घ्या. दुकानात तो उघडून बघा. तुमचा हात किंवा ब्रश तळापर्यंत पोचत नसेल, तर घेऊ नका.

हिवाळ्यात पाणी ठेवायची गरज असते का?

असते. आमच्याकडे दाणे आणि पाणी यांपैकी एकच गोष्ट ठेवा असं कोणी म्हणालं, तर आम्ही पाणी ठेवू. दाण्यांवर काही मोजके पक्षी येतात, पाण्यावर किडे खाणारे आणि फळं खाणारेही येतात. शिवाय पक्षी थंडीतही आंघोळ करतात. मळकी पिसं नीट फुलत नाहीत आणि ऊब धरत नाहीत.

भांडं उथळ हवं. कडेला अडीच आणि मध्यभागी जास्तीत जास्त ५ सेंटिमीटर पाणी पुरे. मातीची पसरट, खडबडीत थाळी सगळ्यात चांगली, गुळगुळीत स्टीलवर पाय घसरतात. भांडं खोल असेल तर आत एक सपाट दगड ठेवा, त्याचा माथा पाण्याबाहेर राहू द्या. पाणी रोज सकाळी ओतून भांडं काथ्याने घासा. नुसती भर घालत राहिलात तर कडेला शेवाळ धरतं आणि आठ-दहा दिवसांत डासही निघतात.

जिथे पाणी गोठतं तिथे सकाळी आणि दुपारी कोमट पाणी घाला, उकळतं नको. बर्फ होऊ नये म्हणून मीठ, ग्लिसरीन किंवा अँटिफ्रीझ कधीही घालू नका. मीठ आणि अँटिफ्रीझ विषारी आहेत, ग्लिसरीनने पिसं चिकटतात आणि त्यांची ऊब जाते.

कबुतरं सगळं फस्त करतात. हाकलली तरी परत येतात.

हाकलून उपयोग नाही, त्यांना बसायला जागा मिळते ती काढून घ्या. नळीच्या आकाराचा, आखूड दांड्यांचा फीडर लावा. त्याभोवती ४ सेंटिमीटर चौकोनांच्या जाळीचा पिंजरा बसवला, तर चिमण्या आत जातात आणि कबुतरं बाहेर राहतात. पिंजऱ्याची जाळी फीडरपासून १० सेंटिमीटर तरी लांब हवी, नाहीतर कबुतर मान घालून खातं. जमिनीवर एकही दाणा पडू देऊ नका. फीडरखाली रुंद थाळी टांगा आणि रोज रिकामी करा. तरीही थवा हटत नसेल, तर दोन-तीन आठवडे दाणे पूर्ण बंद ठेवा, पाणी चालू राहू द्या.

साचलेली वाळकी विष्ठा कोरडी झाडू नका. तिच्या धुळीने फुप्फुसांचे आजार होतात. आधी पाणी शिंपडून भिजवा, मास्क लावा आणि मग खरवडून पिशवीत भरा. घरात दम्याचा रुग्ण असेल, तर कबुतरांना येऊच न देणं महत्त्वाचं.

खिडकीवर पक्षी आपटतात.

पक्ष्याला काच दिसत नाही, त्यात उमटलेलं आकाश आणि झाड दिसतं. फीडर काचेपासून १ मीटरच्या आत लावा, म्हणजे उडताना वेग पकडायला अंतरच मिळणार नाही. ते जमत नसेल तर १० मीटरहून दूर न्या. मधलं अंतर सगळ्यात घातक. ससाण्याचं एकच चित्र चिकटवून काही होत नाही, पक्षी त्याच्या बाजूने जायला बघतो आणि आपटतो. काचेच्या बाहेरच्या बाजूने ठिपके किंवा पट्ट्या लावा, दोन खुणांमध्ये ५ सेंटिमीटरपेक्षा जास्त जागा मोकळी नको. आतून लावलेल्या खुणा प्रतिबिंबामागे लपतात.

आपटलेला पक्षी भोकं पाडलेल्या खोक्यात, मऊ कापडावर, अंधारात आणि शांत जागी ठेवा. चोचीत पाणी किंवा दाणा घालू नका, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. तासाभराने खोका बाहेर नेऊन उघडा. उडाला नाही तर पशुवैद्याकडे किंवा वन्यजीव बचाव केंद्राकडे न्या.

फीडरवर शिकरा झडप घालतो.

आठवडाभर फीडर उतरवा. शिकार विखुरली की तो दुसरीकडे जातो. त्याला दगड मारू नका, तोही थंडीत जगायलाच बघतो आहे.

शिंजिरासाठी साखरेचं पाणी ठेवावं का?

फुलझाडं लावता येत असतील तर तीच लावा. पाणी ठेवायचंच असेल, तर १ भाग साधी पांढरी साखर आणि ४ भाग पाणी, एवढंच. रंग नको, मधही नको, मधाच्या पाण्यात बुरशी आणि किण्व झपाट्याने वाढतात. दोन दिवसांनी पाणी बदला, उन्हात असेल तर रोज.

पक्षी आपल्यावर अवलंबून राहतील का? स्थलांतर करणारे परत जायचे थांबतील का?

स्थलांतराची वेळ मुख्यतः दिवसाच्या लांबीवरून ठरते, भरलेल्या फीडरमुळे पक्षी अडकून पडत नाहीत. अवलंबनाबद्दल ब्रिटिंगहॅम आणि टेंपल या संशोधकांनी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये चिकॅडी या छोट्या पक्ष्याचा अभ्यास केला. फीडर असतानाही हे पक्षी बहुतेक अन्न जंगलातूनच मिळवत होते. वर्षानुवर्षं फीडर असलेल्या जागेवरून ते काढल्यावर तिथले पक्षी कधीच फीडर न पाहिलेल्या पक्ष्यांइतकेच तगले. मात्र कडाक्याच्या थंडीत फीडरने मोठा फरक पडला : १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांनुसार दाणे मिळालेल्यांपैकी ६९ टक्के हिवाळा पार करू शकले, न मिळालेल्यांपैकी ३७ टक्के.

त्यामुळे चार दिवस गावाला गेलात तर अपराधी वाटून घेऊ नका. फक्त अतिथंडीची लाट चालू असताना फीडर अचानक रिकामा ठेवू नका.

थंडी संपल्यावर दाणे कधी बंद करायचे?

एकदम नाही, दोन-तीन आठवड्यांत हळूहळू कमी करा. घरटी बांधायला सुरुवात झाली की अख्खे शेंगदाणे लगेच थांबवा, ते पिलांच्या घशात अडकतात. चिमण्यांची पिलंही सुरुवातीला किड्यांवरच वाढतात, दाण्यांवर नाही. उरलेले दाणे चाळून, कोरड्या पत्र्याच्या डब्यात घट्ट झाकून ठेवा. त्यात जाळी किंवा अळ्या दिसल्या तर औषध मारू नका, चार दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. खवट वास आला तर सगळे फेकून द्या. पाण्याची थाळी मात्र उचलू नका, उन्हाळ्यात ती सावलीत सरकवा आणि दिवसातून दोनदा भरा.